अपुरे काम लावायला भिंत हवी

एका जिन्यापासून सुरुवात करतो. एका लहान वाचनालयाच्या इमारतीचे काम माझ्याकडे होते आणि तिच्या जिन्याचा तपशील १:२० प्रमाणात छापून मी माझ्या टेबलामागच्या भिंतीवर टाचण्यांनी लावला होता. आमच्या सामायिक स्टुडिओत शेजारी बसणारी, फर्निचरचे डिझाइन करणारी एक सहकारी जाता जाता थांबली आणि मधल्या लँडिंगवर, म्हणजे वळणावरच्या सपाट टप्प्यावर, हँडरेल जिथे वळते त्या ठिकाणी तिने अंगठा ठेवला. खालून येणाऱ्या आणि वर जाणाऱ्या पायऱ्या मी लँडिंगशी एकाच रेषेत आणून ठेवल्या होत्या. त्यामुळे दोन्हींकडची रेलिंगे वळणावर वेगवेगळ्या उंचीला येत होती आणि चढणाऱ्याचा हात नेमका तिथेच सुटणार होता. खुर्चीच्या हातावरून माणसाचा तळवा कसा सरकतो याचा विचार करण्यात तिची वर्षे गेली असल्याने तिला ते एका नजरेत दिसले. वरच्या पायऱ्यांची रांग लँडिंगपासून एका पायरीने मागे घेतली की हँडरेल न तुटता वळते, हे कोणत्याही आर्किटेक्टला ठाऊक असते. मलाही ठाऊक होते, पण सलग चार दिवस तेच चित्र पाहून माझी नजर मेली होती. आमचे बोलणे ऐकून दिशाफलकांचे काम करणारा एक ग्राफिक डिझायनर उठून आला आणि त्याने विचारले की मजल्याचा आकडा या भिंतीवर येणार असेल, तर दार उघडे असताना तो दाराच्या फळीआड जाणार नाही का. दहा मिनिटांत पायऱ्यांची रांग ३०० मिलिमीटर मागे सरकली आणि दाराच्या बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला गेल्या. काँक्रीट ओतल्यानंतर यातली पहिली चूक दुरुस्त करण्याचा मार्गच नव्हता.

सोबतीचे गोडवे गाण्यासाठी मी हा प्रसंग सांगत नाही. आर्किटेक्ट आणि डिझायनर यांनी एका छताखाली जागा वाटून घ्यावी का आणि घ्यावी तर कशी, हा प्रश्न आता कुणाच्या खासगी सोयीपुरता राहिलेला नाही. रिकामे झालेले कारखाने आणि गोदामे सर्जनशील को-वर्किंगच्या नावाखाली टेबलागणिक भाड्याने दिली जातात, त्यासाठी नगररचनेच्या नियमांत सवलती मागितल्या जातात आणि स्वतःचा व्यवसाय नव्याने सुरू करणाऱ्या अनेकांपुढे दुसरा परवडणारा मार्ग नसतो. माझे म्हणणे असे की या जागांत आज जे वाटून घेतले जाते, म्हणजे इंटरनेट, प्रिंटर, बैठकीची खोली आणि स्वागतकक्ष, त्याने खर्च वाचतो, पण काम सुधारत नाही. काम सुधारते ते अपुरे असताना दुसऱ्यासमोर ठेवल्याने. अपुरे काम समोर ठेवण्याचे धैर्य मात्र कुणाला आपोआप येत नाही. जागेची मांडणी, आपसातला करार आणि जागेवरचा हक्क या तिन्ही गोष्टी त्यासाठी मुद्दाम घडवाव्या लागतात.

को-वर्किंग हा शब्द आजच्या अर्थाने रूढ होण्याची सुरुवात सहसा २००५पासून धरतात. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने आठवड्यातून दोन दिवस चालणारी एक सामायिक जागा सुरू केली. लॅपटॉपवर एकट्याने काम करणाऱ्या माणसाचे एकाकीपण दूर व्हावे आणि त्याचे स्वातंत्र्यही टिकावे, हा तिचा हेतू होता आणि तो रास्तच होता. आर्किटेक्ट व डिझायनरांची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे आणि तिच्यामागची गरजही वेगळी होती. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, ड्रायडन स्ट्रीटवरच्या पाच क्रमांकाच्या इमारतीत, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड रॉक आणि जॉन टाउनसेंड या आर्किटेक्टांनी आपल्या आणि जवळच्या व्यवसायांतल्या छोट्या संस्थांना एकत्र आणले. प्रत्येकाची कामे आणि हिशेब स्वतंत्र होते, सेवासुविधा तेवढ्या सामायिक. रॉक पुढे ब्रिटनमधल्या आर्किटेक्टांच्या ‘रॉयल इन्स्टिट्यूट’चे अध्यक्ष झाले, म्हणजे हा प्रयोग व्यवसायाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणा हौशी माणसाचा नव्हता. त्याच शहरात १९७२ मध्ये पेंटाग्राम ही संस्था स्थापन झाली. तिच्या पाच संस्थापकांपैकी थिओ क्रॉस्बी आर्किटेक्ट होते, केनेथ ग्रेंज औद्योगिक वस्तूंचे डिझायनर होते, तर अ‍ॅलन फ्लेचर, कॉलिन फोर्ब्ज आणि मर्व्हिन कुरलान्स्की हे तिघे ग्राफिक डिझायनर. पेंटाग्राम ही भागीदारी होती, भाड्याने दिलेली जागा नव्हे, हा फरक मला मान्य आहे. पण इमारत, वस्तू आणि अक्षर यांचा विचार करणारी माणसे एकमेकांच्या कामाकडे रोज पाहू शकतील अशी व्यवस्था त्यांना हवीशी वाटली, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. त्याही मागे जायचे तर १९१९ मध्ये वायमारला सुरू झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांना रूपाचा गुरू वेगळा आणि कारागिरीचा गुरू वेगळा असे, आणि दोघांच्या नजरेखालून एकच वस्तू जात असे.

नुसते जवळ बसवले की माणसे बोलू लागतात, हा समज आता सोडून द्यायला हवा. अंतराला महत्त्व आहे यात शंका नाही. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठातले थॉमस अ‍ॅलन यांनी १९७०च्या दशकात अभियंत्यांच्या संवादाचा अभ्यास केला तेव्हा असे दिसले की दोन टेबलांतले अंतर वाढत जाते तसतसे कामाविषयीचे बोलणे झपाट्याने कमी होते आणि पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळपास नाहीसे होते. पण याची दुसरी बाजू २०१८ मध्ये हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी मांडली. दोन मोठ्या कंपन्यांची कार्यालये भिंती पाडून मोकळी केली गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांचे समोरासमोरचे बोलणे वाढण्याऐवजी सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले. माणूस सतत दिसू लागला की तो कानांवर हेडफोन चढवतो आणि स्वतःभोवती नजरेची भिंत उभी करतो. सामायिक स्टुडिओत मी हे रोज पाहिले आहे. ज्या दिवशी माझे चित्र भिंतीवर असे त्या दिवशी लोक चित्राशी येऊन बोलत. चित्र नसे त्या दिवशी आम्ही तितक्याच अंतरावर बसून कोणाच्या अध्यात ना मध्यात राहत असू. दोन अनोळखी व्यावसायिकांमध्ये बोलण्यासाठी तिसरी वस्तू लागते. ती वस्तू कागद असेल, पुठ्ठ्याचे मॉडेल असेल किंवा नुसता लाकडाचा तुकडा असेल. तिच्याकडे बोट दाखवता आले पाहिजे.

म्हणून जागेचा विचार टेबलांपासून नव्हे, भिंतीपासून सुरू व्हावा असे मी आग्रहाने म्हणतो. टाचणी घुसेल अशी, जाण्यायेण्याच्या वाटेवरची, पूर्ण आकाराचे चार-सहा नकाशे एका वेळी मावतील एवढी लांब भिंत ही अशा जागेची पहिली गरज आहे. पुष्कळ देखण्या को-वर्किंगमध्ये ती नसते, कारण तिथल्या भिंती काचेच्या असतात किंवा संस्थेच्या घोषवाक्यांनी रंगवलेल्या असतात. दुसरी गरज प्रकाशाची. साहित्याचे नमुने ज्या प्रकाशात पाहिले जातात त्यावर निर्णय ठरतात. करड्या दगडाचे दोन तुकडे ट्यूबलाइटखाली सारखे वाटले आणि खिडकीशी नेल्यावर त्यातला एक हिरवट निघाला, हा अनुभव प्रत्येकाने घेतलेला असतो. छपाईच्या रंगांची पारख ५००० केल्व्हिनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाजवळच्या, प्रमाणित प्रकाशात करायची असते. ग्राफिक डिझायनरला त्यासाठी लागणारा छोटासा कोनाडा आर्किटेक्टलाही फरशी, कापड आणि रंगाचे नमुने एकत्र ठेवून पाहायला उपयोगी पडतो. एकट्या संस्थेला असा कोनाडा परवडत नाही आणि नमुन्यांचा संग्रह अद्ययावत ठेवायला माणूसही परवडत नाही. वाटून घेण्यात खरा अर्थ आहे तो अशा गोष्टींत.

तिसरी गरज कार्यशाळेची, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण बहुतेक जागा इथेच फसतात. लेझर कटर विकत आणणे सोपे असते. जाहिरातीत त्याचे छायाचित्रही छान दिसते. पण एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी, करवतीने कापताना उडणारी बारीक धूळ खोलीभर पसरते, आणि लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने निश्चित कर्करोगकारकांच्या गटात ठेवले आहे. पीव्हीसी हे प्लास्टिक चुकून लेझरखाली गेले तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो फुप्फुसांना आणि यंत्रालाही घातक असतो. म्हणजे धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी, धूर थेट बाहेर नेणारी नळी हवी, कोणते साहित्य कापायचे नाही याची यादी यंत्राला चिकटवलेली हवी आणि या सगळ्याची जबाबदारी घेणारा, पगार मिळणारा तंत्रज्ञ हवा. एवढे केले की आवाजाचा प्रश्न येतो. करवत चालू असताना शेजारी कुणी ग्राहकाशी फोनवर बोलू शकत नाही. कार्यशाळेला स्वतंत्र दार आणि जड भिंत लागते. यात जागा जाते, आणि तेवढ्या जागेत किती टेबले बसली असती हा हिशेब जागा चालवणारा चालक लगेच मांडतो. त्या हिशेबात कार्यशाळा नेहमीच हरते. तरीही फर्निचर डिझायनरचा हात आणि आर्किटेक्टचा कागद यांची खरी गाठ तिथेच पडते. अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडची कड उघडी ठेवली तर ती वर्षभरात कशी दिसेल, हे पडद्यावर कळत नाही. कापलेला तुकडा हातात घ्यावा लागतो.

एमआयटीच्या आवारातल्या ‘बिल्डिंग २०’चा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो आणि तो योग्यच आहे. १९४३ मध्ये रडारच्या संशोधनासाठी घाईघाईने उभारलेली ही लाकडी, तात्पुरती इमारत युद्ध संपताच पाडायची होती, पण ती १९९८पर्यंत उभी राहिली. त्या काळात भाषाशास्त्रापासून ध्वनिशास्त्रापर्यंत अनेक विषयांची माणसे तिथे शेजारी शेजारी काम करत होती. इमारत सुंदर नव्हती. पण तिच्या भिंतीला भोक पाडायला कुणाची परवानगी लागत नसे, आणि आपल्या कामासाठी जागा बदलण्याचा हा अधिकार तिथल्या माणसांच्या हातात होता. आजच्या सामायिक जागांच्या नियमावलीत भिंतीला खिळा ठोकण्यावर दंड असतो. ज्यांचा व्यवसायच जागा घडवण्याचा आहे त्यांना जागेला हात लावू द्यायचा नाही, हे मला अत्यंत चुकीचे वाटते.

आता विश्वासाचा मुद्दा. इथे माझा स्वतःचा एक कडू अनुभव आहे. माझ्या भिंतीवर तीन आठवडे लावलेली विटांच्या जाळीची एक रचना काही महिन्यांनी त्याच खोलीतल्या दुसऱ्या संस्थेच्या सादरीकरणात दिसली. विटा वेगळ्या होत्या, प्रमाण वेगळे होते. मूळ कल्पना तीच होती. मी कायद्याचा विचार केला आणि लक्षात आले की तो माझ्या मदतीला येणार नाही. वास्तुकृतींना स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे, पण बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय ट्रिप्स करारातच स्पष्ट म्हटले आहे की संरक्षण अभिव्यक्तीला मिळते, कल्पनेला नाही. त्यानंतर दोन महिने मी भिंतीवर काहीही लावले नाही. माझे पाहून आणखी दोघांनी लावणे थांबवले, आणि खोली बघता बघता नुसते भाड्याचे कार्यालय झाली. एका माणसाने गैरफायदा घेतल्याची किंमत सगळी खोली मोजत होती.

यावर एकमेकांवर विश्वास ठेवा एवढेच सांगून भागत नाही. लेखी करार लागतो. भिंतीवरच्या प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख असावी, दुसऱ्याच्या कामातून काही घेतले तर ते आधी सांगून आणि श्रेय देऊन घ्यावे, एकाच स्पर्धेत दोन संस्था उतरणार असतील तर त्यांनी ते पहिल्याच दिवशी जाहीर करावे, दुसऱ्याच्या ग्राहकाकडे किंवा सहायकाकडे परस्पर प्रस्ताव घेऊन जाऊ नये. दोन पानांत मावेल एवढाच हा करार असतो. काही काम मात्र भिंतीवर कधीच येता कामा नये. बँकेच्या तिजोरीचा किंवा तुरुंगाचा नकाशा हे उघड उदाहरण झाले. औद्योगिक वस्तूंच्या डिझायनरचा धोका त्याहून कमी लक्षात येतो: डिझाइनची किंवा पेटंटची नोंदणी करण्याआधी वस्तू लोकांसमोर आली तर तिचे नावीन्य संपल्याचे मानले जाऊ शकते, आणि ज्या खोलीतून रोज पाहुणे फिरतात त्या खोलीची भिंत ही खासगी भिंत आहे असा दावा टिकेलच याची खात्री देता येत नाही. त्यासाठी कुलूप असलेली एक खोली आणि पाहुण्यांना न दिसणारी एक भिंत ठेवावी लागते. आमच्या खोलीने असा करार नंतर केला. भिंत पुन्हा भरायला वेळ लागला, पण ती भरली.

काही आर्किटेक्टांचा या साऱ्यालाच आक्षेप आहे. त्यांच्या मते स्वतःची ओळख घडायला स्वतःचे कार्यालय लागते, आणि एकाच खोलीत बसणाऱ्यांची कामे हळूहळू एकसारखी दिसू लागतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो मी झटकून टाकत नाही. एकाच वयाचे, एकाच शाळेतून आलेले, एकच संदर्भ पाहणारे पंधरा आर्किटेक्ट एकत्र बसले तर ते एकमेकांना दुजोरा देण्यापलीकडे फारसे काही करणार नाहीत. म्हणूनच सदस्य निवडताना व्यवसायांची सरमिसळ हा पहिला निकष असायला हवा. जिन्याची चूक मला दुसऱ्या आर्किटेक्टने दाखवली नव्हती.

पैशाच्या प्रश्नाला मी मुद्दाम शेवटी हात घालतो आहे, कारण वर मागितलेल्या सगळ्या गोष्टी त्याच्यापाशी येऊन अडतात. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीच्या संस्थापकांपैकी मिगेल मॅकेल्व्ही हे आर्किटेक्चर शिकलेले होते आणि तिच्या जागांची मांडणी हुशारीने केलेली असे. २०१९च्या सुरुवातीला तिचे मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर झाले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिला दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. इमारती दीर्घ मुदतीने घ्यायच्या आणि टेबले महिन्याच्या बोलीवर द्यायची, या व्यवहारात प्रत्येक चौरस मीटर भरलेला ठेवण्याचा दाब कायम असतो. अशा दाबाखाली नमुन्यांचे कपाट, मॉडेल ठेवायचे फळकूट, धूळ ओढणारे यंत्र यांना जागा मिळणे अवघड असते. चालक वाईट असण्याची त्यासाठी गरज नसते. आणि महिन्याच्या बोलीवर आलेला माणूस अपुरे काम दाखवत नाही, कारण पुढच्या महिन्यात शेजारी कोण असेल हे त्याला माहीत नसते.

याला पर्याय आहेत आणि ते नवे नाहीत. ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी १९६८ मध्ये लंडनच्या सेंट कॅथरिन डॉक्समधल्या रिकाम्या गोदामांत कलाकारांसाठी स्टुडिओ उभे केले. गोदी पुनर्विकासात गेली आणि ती जागा सोडावी लागली. पण ‘स्पेस’ ही त्यांची संस्था टिकली, कारण नफ्यासाठी नसलेली आणि एका इमारतीपुरती न राहणारी अशी तिची घडण होती. त्यातून दोन्ही धडे मिळतात: इमारत हातची जाऊ शकते, आणि घडण नीट असेल तर संस्था तरीही टिकते. कलाकार आणि डिझायनर पडीक भागात येतात, भागाला नाव मिळवून देतात, भाडे वाढते आणि सर्वांत आधी तेच बाहेर पडतात, हा क्रम अनेक शहरांनी पाहिला आहे. म्हणून नगररचना विभाग जेव्हा अशा जागांना सवलत देतात, तेव्हा ती सवलत टेबलांच्या संख्येवर न देता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, तळमजल्यावरच्या कार्यशाळेवर आणि सदस्यांच्या संस्थेला कारभारात मिळालेल्या मतावर द्यायला हवी. सार्वजनिक मालकीच्या वापरात नसलेल्या इमारती याच अटींवर वीस-पंचवीस वर्षांसाठी सदस्यांच्या संस्थांना देता येतील. आर्किटेक्टांच्या व्यावसायिक संघटनांनी ही मागणी आजवर पुरेशा जोराने केलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

या मागणीचा सर्वाधिक लाभ ज्याला व्हायचा तो माणूस मोठ्या कार्यालयात बसलेला नाही. नुकतीच परवाना मिळालेली एक तरुण आर्किटेक्ट आमच्या खोलीत आली तेव्हा तिच्याकडे एका दुमजली घराचे काम होते आणि तिला चित्र दाखवायला कोणीच नव्हते. पहिले दोन आठवडे तिने लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे वळवून काम केले. तिसऱ्या आठवड्यात तिने वरच्या मजल्याचा आराखडा लावला. पासष्टीच्या एका आर्किटेक्टने, ज्यांच्याशी तिचे तोवर एक वाक्यही बोलणे झाले नव्हते, त्यावर पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली: वरच्या शौचालयाचा पाइप खालच्या बैठकीच्या खोलीच्या बरोबर मधोमध उतरत होता. त्यांनी तिला खुर्ची दिली, ट्रेसिंगचा कागद पसरला आणि दोघांनी मिळून पाइपांसाठीचा उभा शाफ्ट कुठे बसतो, पाइपला उतार किती लागतो आणि त्यासाठी छताची उंची किती खाली येते ते मोजायला सुरुवात केली. संध्याकाळी मी निघालो तेव्हा कागदाचा तिसरा थर चढला होता आणि शौचालय जिन्याच्या मागे सरकले होते.